दुसरा रिमोट

‘सुपर मारिओ’ दोघांनी खेळायचा असेल तर नियम साधा आहे. पहिला खेळाडू मारिओ, दुसरा लुइजी. मारिओ मेला की लुइजीची पाळी येते, लुइजी मेला की पुन्हा मारिओची. दोघं एकाच वेळी पडद्यावर कधीच नसतात. स्टेज पूर्ण केली म्हणून पाळी बदलत नाही, फक्त मेल्यावर बदलते. म्हणजे पहिला खेळाडू जितका तरबेज, तितका वेळ दुसऱ्याने हातात रिमोट धरून नुसतं बसायचं.

मी तरबेज होतो. माझा धाकटा भाऊ दुसरा खेळाडू होता.

त्या खेळाबद्दल मी आयुष्यभर भरभरून बोलत आलो. मित्रांना सांगितलं, बायकोला सांगितलं, ऑफिसच्या दिवाळी अंकात लेख लिहिला. हा नियम मात्र मी कुठेच सांगितला नाही. लपवला असं नाही, तो मला कधी दिसलाच नाही.

आम्ही मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. 1996 साली दसऱ्याला बाबांचा बोनस झाला आणि ते कामानिमित्त मुंबईला गेले तेव्हा मनीष मार्केटमधून व्हिडिओ गेम घेऊन आले. पांढरं-लाल प्लॅस्टिकचं खोकं, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं, त्याची ही नक्कल. आपल्याकडे बहुतेक घरांत नक्कलच आली. आमच्याकडे हे खोकं आलं त्याच वर्षी जपानमध्ये निन्टेंडो 64 हे पुढचं यंत्र निघालं होतं, पण आम्हाला कुठे ते ठाऊक! आमच्या लेखी जगातली सगळ्यात नवी वस्तू आमच्या टेबलावर होती. कॅसेटवर नऊच्या आकड्यांची रांग छापलेली होती, म्हणजे लाखो खेळ. प्रत्यक्षात मोजके खेळ होते आणि तेच वेगवेगळ्या नावांनी पुन:पुन्हा यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदकं मारायचा खेळ, रोड फायटर. कॅसेट लागली नाही की काढायची, खाली फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. फुंकरीतली ओल पिनांना वाईट, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा तोच उपाय होता आणि तो लागू पडतो अशी आमची खात्री होती.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. मारिओची टोपी लाल असते हे आम्हाला कॅसेटच्या चित्रावरून माहीत, पडद्यावर ती करडी दिसायची. लुइजीचं वेगळं चित्र त्या खेळात नाहीच. मारिओचीच आकृती दुसऱ्या रंगांत दाखवली आहे. त्यामागे कारण होतं. अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आज मोबाइलवर येणारा एखादा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हा खेळ केला तेव्हा एकेक चित्र पुरवून पुरवून वापरलं. नीट बघितलंत तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच आहे, फक्त रंग बदललेला. मला हे कळलं तेव्हा त्या माणसांबद्दल फार आदर वाटला आणि अजूनही वाटतो. पण आमच्या करड्या पडद्यावर रंगच नव्हते. तिथे लुइजी म्हणजे जरा फिकट मारिओ, एवढंच. माझ्या भावाच्या वाट्याला तो आला.

त्यात दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हती. जपानच्या मूळ यंत्रातही दुसऱ्या रिमोटला ती नव्हती, नक्कल करणाऱ्यांनी तेही तसंच उचललं. परिणाम असा की खेळ सुरू मी करायचा, थांबवायचा मी, कोणता खेळ लावायचा तेही मीच ठरवायचं. भावाची पाळी चालू असताना त्याला पाणी प्यायला जायचं असेल तर ‘दादा, थांबव ना’ म्हणून मला विचारावं लागायचं. त्याच्या पाळीतही माझ्या रिमोटचं स्टार्ट बटण चालायचं आणि मी ते वापरायचो. लुइजीने खड्ड्यावरून उडी घेतली की मधेच स्टार्ट दाबायचो. खेळ थिजायचा, पुन्हा दाबलं की सुरू व्हायचा, तोवर त्याचा अंदाज चुकलेला असायचा. लुइजी खड्ड्यात जायचा आणि पाळी माझ्याकडे यायची. मी हे मजेत करायचो आणि तो रडला की आईला सांगायचो, ‘हरला म्हणून रडतोय.’

कॉन्ट्रात दोघं एकत्र खेळतात म्हणून तिथे तरी बरं असेल, असं वाटेल. कॉन्ट्राची तिसरी स्टेज धबधब्याची आहे. खालून वर चढत जायचं. पडदा वर सरकतो, पण खाली येत नाही. पुढचा खेळाडू वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर जातो आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही, जोडीदाराची घाई पुरेशी आहे. मी भराभर चढायचो. रणगाड्यांच्या खेळात आपली गोळी जोडीदाराला लागली तर त्याचा रणगाडा काही वेळ जागचा हलत नाही. ती सोयही मी सोडली नाही.

हे सगळं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण ते आमच्या गमतीजमतींच्या यादीत. ‘आम्ही दोघं भाऊ दिवसभर मारिओ खेळायचो’ या वाक्यात ते सगळं बसून जायचं. माझ्या चुकांची सुरुवात लहानपणातल्या खोड्यांपासून होत नाही, ती या वाक्यापासून होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने धाकट्या भावाला छळलं, हे घरोघरी घडतं. पण चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने त्याच दिवसांना सोनेरी मुलामा देऊन ते त्याच भावाला पुन:पुन्हा दाखवावेत, हे मी केलं.

2001 मध्ये मी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेलो. हॉस्टेल, नोकरी, लग्न, कर्जाचे हप्ते. गेम मिरजेला राहिला आणि पुढे कधीतरी घरातून नाहीसा झाला. आईने तो शेजारच्या मुलाला देऊन टाकला, एवढं मला समजलं. त्यावरून मी आईला बरंच बोललो. ‘माझ्या लहानपणीची एकच वस्तू होती, तीसुद्धा ठेवली नाहीस’ असं पाहुण्यांसमोरही म्हणालो. ती गप्प बसायची.

नोकरीत मन रमत नव्हतं, त्या वर्षांत मला हा खेळ फार आठवू लागला. फोनची रिंगटोन कोजी कोंडो यांची ती मारिओची धून. रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर दुसऱ्यांनी खेळलेले खेळ बघत बसायचं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सतत काहीतरी टाकायचो, जुन्या कॅसेटचे फोटो, ‘ते दिवस परत येणार नाहीत’ छापाचे मजकूर. भाऊ प्रत्येक वेळी अंगठा द्यायचा. मला वाटायचं, त्यालाही तेच वाटतंय. मी त्याला एकदाही विचारलं नाही.

2016 च्या नोव्हेंबरात निन्टेंडोने जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली, 30 खेळ आत भरलेली. जगभर ती बघता बघता संपली. माझ्यासारखे पुष्कळ होते आणि कंपन्यांना ते नेमकं माहीत होतं. मला ती मिळाली नाही म्हणून मी ऑनलाइन तशीच दिसणारी एक चिनी वस्तू मागवली, बंदुकीसकट. पुढच्या दिवाळीला सगळे मिरजेला जमणार होते. भाऊ हैदराबादहून बायको-मुलाला घेऊन येणार होता. मी कोणाला काही सांगितलं नाही. पाडव्याच्या दिवशी फराळ झाल्यावर नव्या मोठ्या टीव्हीला ते खोकं जोडलं.

आधी बंदूक लावली. बदकं उडाली, मी नेम धरून घोडा दाबला, काहीच नाही. कोणाचाच नेम लागेना. हे का होतं ते मी नंतर वाचलं. घोडा दाबताक्षणी पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीत पडद्यावर ओळीमागून ओळ उमटायची, त्या वेळेवर हे सगळं बेतलेलं होतं. सपाट टीव्हीत चित्र तसं उमटत नाही आणि थोडं उशिराही येतं, म्हणून बंदूक आंधळी. मारिओचंही तसंच. बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडायची. मी पहिल्याच वर्ल्डमध्ये खड्ड्यात पडलो, पुन्हा पडलो. बोटांना सगळं पाठ होतं आणि पडदा त्यांचं ऐकत नव्हता. मी चिडलो.

आणि त्या चिडीत मी दुसरा रिमोट भावाच्या हातात कोंबला. तो म्हणाला, ‘तुम्ही खेळा, मी बघतो.’ मी ऐकलं नाही. तो पुन्हा नको म्हणाला. तेव्हा सगळ्यांसमोर, त्याच्या मुलासमोर मी बोललो, ‘लहानपणीही असाच. हरायचास आणि रडत बसायचास.’

त्याने रिमोट सतरंजीवर ठेवला आणि तो बाहेर गेला. पुतण्या कधी माझ्याकडे, कधी दाराकडे बघत राहिला. मी तरीही थांबलो नाही. माझ्या मुलीला शेजारी बसवलं, दुसरा रिमोट तिला दिला आणि मी पहिला घेऊन खेळत राहिलो. ती थोडा वेळ बसली. मग मोबाइल काढला. ‘तुमच्या पिढीला जरा म्हणून धीर नाही’ असं मी तिला ऐकवलं. तिची पाळी तोवर आलीच नव्हती.

रात्री सगळे झोपल्यावर भाऊ ओट्यावर बसला होता. मी जाऊन बसलो. माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडून भलतंच आलं. मी म्हणालो, ‘आठव्या वर्ल्डच्या तिसऱ्या स्टेजच्या पुढे आपण कधी गेलोच नाही. ते हातोडे फेकणारे दोघं आठवतात?’ पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या स्टेजमधून थेट चौथ्या वर्ल्डमध्ये आणि तिथून वेलीवर चढून आठव्यात जायचा चोररस्ता मला माहीत होता. 8-3 मध्ये मात्र मी नेहमी अडायचो.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दादा, खेळ संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पण दुसऱ्या वेळी ती चालणारी तपकिरी मशरूम नसतात. त्यांच्या जागी काळ्या पाठीचे किडे असतात, आगीच्या गोळ्याने न मरणारे.’

ज्याने खेळ पुरा केलाय त्यालाच हे दिसतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मी पुण्याला गेलो त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा पहिला रिमोट घेऊन बसला. चोररस्ते न वापरता, एकेक वर्ल्ड पार करत गेला. त्या खेळात मधे कुठे खेळ सेव्ह करून ठेवायची सोय नाही, वीज गेली की सगळं पहिल्यापासून. मिरजेत तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. शेवटचा किल्ला भुलभुलैयाचा आहे, चुकीच्या नळात शिरलं की फिरून तिथेच येतं. त्याने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने नकाशा काढला, कुठला नळ कुठे नेतो त्याचा. एका दुपारी तो राजकन्येपर्यंत पोचला. घरात आई होती, ती स्वयंपाकघरात. त्याने तिला हाक मारली, ती ओल्या हातांनी येऊन बघून गेली. मग तो खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, काळे किडे दिसले, थोडा वेळ खेळून त्याने बंद केला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या मुलाला दिला. देणारा तोच होता. आईने फक्त इतकी वर्षं बोलणी खाल्ली, कारण त्याने तिला सांगितलं होतं, दादाला सांगू नको.

‘मला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘तुला राग आला असता.’

आला असता. हे नाकारायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मी जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं, की तुला त्या दिवसांतलं काय आठवतं. मला वाटलं होतं तो गेमचंच काही सांगेल. तो बार्शी लाइटबद्दल बोलला. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी ती नॅरोगेजची लहान गाडी, अडीच फुटी रुळांवरची. मिरज जंक्शनात एकेकाळी तीन मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज. आमच्या क्वार्टर्सपासून थोडं चाललं की ती गाडी दिसायची. आषाढीच्या आधी वारकऱ्यांनी खच्चून भरलेली असायची, डब्यांतून टाळांचा आवाज यायचा. तिचा ड्रायव्हर त्याला ओळखायचा आणि हात करायचा. दुपारच्या गाडीला त्याला रोज जायचं असायचं आणि मी जाऊ द्यायचो नाही. ‘तुझी पाळी येईल आता, बस’ म्हणायचो. तो बसायचा. गाडीची शिट्टी घरात ऐकू यायची.

आता मिरज–पंढरपूर ब्रॉडगेज झाली आहे. ती गाडी गेली. मी तिथेच वाढलो, रेल्वेवाल्याचा मुलगा, आणि ती गाडी मी कधी धड बघितली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मला खेळायला जोडीदार नको होता, मला बघणारं कोणीतरी हवं होतं. पुण्याच्या त्या ऑफिसात, जिथे माझ्या कामाकडे कोणी बघत नव्हतं, तिथे मला मारिओ आठवायचा तो यासाठी. माझी प्रत्येक उडी श्वास रोखून बघणारा एक मुलगा शेजारी बसलेला असे. मला तो मुलगा परत हवा होता. आणि तो आता बाप होता, मुलाच्या शाळेच्या फीचा विचार करणारा.

यानंतर मी शहाणा झालो असं लिहिता आलं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. सकाळी आईची माफी मागितली, ती ‘जाऊ दे रे’ म्हणून चहा टाकायला गेली. भावाच्या बाबतीत मात्र मी आणखी एक चूक केली. अपराधी वाटलं की माणूस भरपाई करायला धावतो, तसा मी धावलो. शोधून शोधून चांगल्या स्थितीतला जुना गेम मिळवला, एक जुना काचेचा टीव्हीही, म्हणजे उडी वेळेवर पडेल. सगळं बांधून हैदराबादला पाठवलं आणि वर चिठ्ठी, ‘पहिला रिमोट तुझा.’ चिठ्ठी लिहिताना माझे डोळे भरून आले होते. म्हणजे पुन्हा सगळं माझ्याच डोळ्यांपुरतं चाललं होतं.

त्याचा फोन आला. शांतपणे बोलला, तो नेहमीच शांत बोलतो. ‘दादा, एवढा मोठा टीव्ही मी कुठे ठेवू? मला हा खेळ नकोय. वाईट वाटून घेऊ नकोस. माझा तो तेव्हाच संपला.’

त्याचा संपला होता, माझा नाही, फरक एवढाच. आणि त्याने तो संपवला होता स्वत: खेळून. मी नुसता आठवत बसलो होतो. मला यात जुन्या खेळांचा काही दोष दिसत नाही. मियामोतो आणि त्यांच्या सोबत्यांनी 40 किलोबाइटमध्ये जे उभं केलं ते उत्तम काम आहे आणि माझ्या मुलीने ते बघावं असं मला आजही वाटतं. पण तिने ते माझ्या मांडीशी बसून, माझ्या आठवणी ऐकत बघावं हा हट्ट मी सोडला. आमचं ते चिनी खोकं आता तिच्या खोलीत आहे. मैत्रिणी आल्या की कधीमधी लावतात, हसतात, बंद करतात. रिंगटोन मी बदलली. ग्रुपवर ते फोटो टाकणं बंद केलं.

मुलगी ‘माइनक्राफ्ट’ खेळते. मला त्यात काही येत नव्हतं, रात्र झाली की मी अंधारात रस्ता चुकायचो. ती स्वत:चं बांधकाम सोडून मला शोधत यायची, मशाली लावत परत न्यायची. त्या खेळात कोणाला थांबावं लागत नाही, तरीही ती माझ्यासाठी थांबायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, मी तर नक्कीच नाही.

भाऊ मिरजेला आला की आता आम्ही स्टेशनकडे फिरायला जातो. तो रुळांची जागा दाखवतो, लहान गाडी कुठून वळायची, पाणी कुठे भरायची. मी ऐकतो. सुरुवातीला मला हे जमत नसे. त्याचं बोलणं चालू असताना ‘आणि तेव्हा आपण घरी काय खेळत होतो माहितीये’ असं माझ्या तोंडावर यायचं. पुतण्या विचारतो तेव्हा मीच त्याला सांगतो की तुझ्या बाबाने आठवं वर्ल्ड चोररस्ता न घेता पार केलं, मी नाही. 8-4 मी अजून पुरी केलेली नाही आणि आता करायचीही नाही.

तुमच्या घरी असा एखादा खेळ असेल, व्हिडिओ गेम असो, कॅरम असो की गल्लीतलं क्रिकेट, आणि त्याच्या आठवणी तुम्ही वर्षानुवर्षं सांगत असाल, तर एक करा. त्यात तुमच्याबरोबर जे कोणी होतं त्या भावाला, बहिणीला, मित्राला फोन लावा. तुला काय आठवतं, एवढंच विचारा. आणि ते सांगत असताना मधे बोलू नका.